ऊन उतरेपर्यंत

१

“मी वडिलांना मारलं,” ती म्हणाली.

खुनी माणूस सकाळी सकाळी आपल्या पायांनी चौकीत आला की माझा दिवस बरा जातो, म्हणून मी तिला बसायला खुर्ची दिली. चाळिशी उलटलेली हडकुळी बाई. हातात कापडी पिशवी, तिच्यात टॉवेल, कपड्यांचे जोड आणि दात घासायचा ब्रश. कोठडीत राहायच्या तयारीनंच निघाली होती.

“कशानं मारलंस?”

“पंपानं.”

“डोक्यात घातलास?”

“नाही. हातात दिला.”

हवालदारानं पेन खाली ठेवलं. चौकीत डोकं फिरलेली माणसं येतच असतात, त्यातलीच ही, असं त्याला वाटलं असणार. मलाही वाटलं असतं. पण डोकं फिरलेलं माणूस ब्रशाला टोपण लावून आणत नाही.

तिला घरात आणि गल्लीत सगळे बेबी म्हणत. या वयाच्या बाईला बेबी म्हणणारं घर कसं असेल, ते मला न बघताच कळलं. वडील म्हणजे अण्णा. दम्याचे जुने रोगी, आणि सगळा जन्म गुलाबांत घातलेले. काल दुपारी ते मागच्या बागेत होते आणि ही स्वयंपाकघरात. बागेतून हाक आली, “पंप! पंप!”

“आमच्याकडे पंप दोन्हीला म्हणतात,” बेबी सांगू लागली. “अण्णांचा दम्याचा, तोंडात मारायचा, तो पंप. आणि झाडांना मारायचे, तेही पंपच. मी झाडांचा भरून नेला. त्यांना दम्याचा हवा होता.”

“धाप लागलेला माणूस पंप मागतोय, आणि तू झाडांचा नेलास?”

“हो.” तिनं मान खाली घातली. “दादासुद्धा हेच म्हणाला. अगदी असंच.”

तेवढ्यात दार ढकलून तो दादा आत आला. चांगला उंच, आडदांड. अंगाची लाही होत होती आणि हा गृहस्थ पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, मनगटाची बटणंही लावून आला होता.

“मॅडम, हिचं काही मनावर घेऊ नका. काल अण्णा गेले तेव्हापासून हिचं डोकं ठिकाणावर नाही. डॉक्टरांनी दाखला दिलाय, दम्याचा अटॅक म्हणून. चल ऊठ, बेबी.”

“तूच म्हणालास ना दादा, मी मारलं म्हणून?”

“घरात म्हणालो. घरातलं बोलणं चौकीत आणायचं नसतं.”

माणसं मला किती मूर्ख समजतात याची मला आता सवय झाली आहे. मी टोपी घातली आणि म्हटलं, “चला, घर बघू तुमचं.”

२

घर दुमजली होतं आणि आत अंधार होता. उन्हासाठी सगळ्या खिडक्या बंद, सगळे पडदे ओढलेले. मागचं दार उघडलं आणि डोळे दिपले.

माझ्या हातून मनीप्लांटसुद्धा जगत नाही, त्यामुळे लोकांच्या बागेत मी जरा दबूनच वावरते. इथे दबायचं कारण नव्हतं. भिंतीलगतची गुलाबांची रांग मीच वाढवल्यासारखी दिसत होती. पानं तपकिरी होऊन कडांनी वळलेली, कळ्या करपलेल्या. फक्त रांगेच्या टोकाची दोन झाडं हिरवीगार, आणि त्यांच्यावर मुठीएवढाली फुलं.

अण्णा तिथेच, त्या हिरव्या झाडांजवळ पडलेले सापडले होते. प्रेत आता दवाखान्यात होतं. दादाला ते सापडलं संध्याकाळी. दुपारपासून तोवर कुणी बघायला आलं नाही.

“कसं येणार?” बेबी म्हणाली. ती पायरीवरच उभी होती. “अण्णा बागेत असले की बोलावल्याशिवाय जायचं नाही, असं होतं.”

“आता ते नाहीत. ये खाली.”

ती आली, पण प्रत्येक पाऊल जपून टाकत. प्रत्येक झाडाभोवती मातीचं गोल आळं होतं, पाणी साठण्यासाठी हातानं सारखं केलेलं. फक्त टोकाच्या झाडाचं आळं एका बाजूनं दबलं होतं.

“हा पाय कुणाचा?”

“माझा,” ती म्हणाली. “काल पंप द्यायच्या घाईत पडला.” आणि चोरी पकडल्यासारखी लाल झाली.

पंप दोन होते. पिवळा पाठीवर अडकवायचा, तो मधे आडवा पडला होता. त्याचा पट्टा शेवटच्या भोकापर्यंत सैल सोडलेला. निळा लहान, हातात धरून दाबायचा, तो टोकाच्या झाडांपाशी नीट उभा होता.

“पिवळा औषधाचा,” बेबी म्हणाली. “निळ्यात फक्त साधं पाणी. एकाचं दुसऱ्यात कधी जाऊ द्यायचं नाही. दुपारी औषध मारतच नाहीत, म्हणून मी निळा नेला.”

“दुपारी का नाही मारत?”

तिनं पाढे म्हणावेत तसं म्हणून दाखवलं. आवाजही शाळेतल्या मुलीसारखा झाला. “ऊन उतरेपर्यंत औषध नाही. झाड तहानलेलं असेल तर औषध नाही, आधी पाणी. वारा सुटला असेल तर नाही. फुलावर मधमाशी असेल तर नाही. नाकातोंडाला फडकं, हातात मोजे, अंगभर कपडे. आधी एका पानावर मारून बघायचं, दुसऱ्या दिवशी बाकीच्यांवर. आणि चुकून उन्हात पडलंच, तर त्याच क्षणी साध्या पाण्यानं धुऊन काढायचं. आमचं औषध तेलाचं असतं ना. तेल आणि ऊन एकत्र आलं की पान तळून निघतं.”

“मग काल भर दुपारी मारलं कुणी?”

“अण्णांनीच. दादा म्हणतो, मावा दिसला असेल, ती बारीक कीड. आज फुलांचं प्रदर्शन आहे ना, म्हणून घाई केली असेल.”

“तुला काय वाटतं?”

“मला वाटून काय उपयोग?”

मी एक करपलेलं पान तोडलं. वरून बोटाला तेल लागत होतं. उलटं केलं, तर खालून कोरडं. दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. सगळ्यांचं तसंच.

“मावा बसतो कुठे?”

“पानाच्या पोटाला. म्हणून औषध आधी पोटाखालून मारायचं.” बेबीनं पान माझ्या हातातून घेतलं. पोटावरून बोट फिरवलं, मग शेजारच्या झाडाचं एक पान उलटून पाहिलं.

“हे अण्णांनी मारलेलं नाही,” ती म्हणाली.

३

“काल निळा पंप किती भरला होतास?” मी विचारलं.

“गळ्यापर्यंत. कमी भरलेला त्यांना चालत नसे.”

“त्यांनी घेतला?”

“मी पुढे केला, तर त्यांनी नुसता हात हलवला. जा, जा, असा. मला वाटलं चिडलेत. मी ठेवला आणि गेले.” तिचा आवाज फुटला. “हा नको, तो आण, म्हणत होते. दम्याचा पंप बैठकीच्या टेबलावर पडला होता, मॅडम. दादानं रात्री मला हाताला धरून नेऊन दाखवला. म्हणाला, सकाळपासून इथेच होता, तुझ्या नाकासमोर. तुझ्या जागी कुत्रं असतं तरी त्याला कळलं असतं.”

मी निळा पंप उचलून पाहिला. तो अर्धा होता. होता तसा खाली ठेवला.

भिंतीपलीकडे कलमवाले काका राहत. गुलाबाची कलमं करण्यात त्यांचा हातखंडा, म्हणून हे नाव. त्यांचं आणि अण्णांचं कित्येक वर्षांचं वैर होतं. दोघांची पानं एकमेकांच्या बागेत पडली तरी भांडण व्हायचं. मी गेले तेव्हा ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून फुलांच्या बादल्या गाडीत चढवत होते. चेहरा दुःखी ठेवायचा त्यांचा प्रयत्न चालला होता, पण तो काही जमत नव्हता.

“काल काही ऐकू आलं?”

“आलं की. आधी औषध मारल्याचा आवाज, फस्स फस्स. मग म्हातारा कडाडला, ‘पंप! पंप!’ म्हणून.”

“धाप लागली होती?”

“छे हो. धाप लागलेला माणूस असा ओरडतो होय? रस्त्यापर्यंत गेला असेल आवाज. खोकला नंतर सुरू झाला. बराच वेळ चालला, मग थांबला.”

“तुम्ही डोकावला नाहीत?”

“आमची बोलचाल नाही.”

“पलीकडे माणूस मरत होता.”

“ते मला काय ठाऊक? मला वाटलं, भर उन्हात औषध मारतोय, मारू दे. एक कमी झाला.” मग माझ्याकडे बघून त्यांनी घाईनं जोडलं, “झाड म्हणायचं होतं मला.”

खोटं बोलावं इतकीही लाज या माणसाला नव्हती, आणि तपासात अशी माणसं फार उपयोगी पडतात.

“तुम्ही औषध कसं मारता? वरून की खालून?”

“आधी खालून. झोपेत मारलं तरी हात खालीच जाईल माझा.” ते गाडीत बसले, काच खाली केली आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “टोकाची दोन झाडं वाचली म्हणे. म्हाताऱ्याचे डोळे मिळतील का हो?”

मला क्षणभर कळेना. मग लक्षात आलं. कलम भरण्यासाठी फांदीवरचा जो कोंब काढतात, त्याला हे लोक डोळा म्हणतात.

“आधी त्याला निरोप तर द्या,” मी म्हटलं.

म्हणजे औषध मारणारा बागकाम जाणणारा माणूस नव्हता. बेबी नव्हती, कलमवाले नव्हते, अण्णा तर नव्हतेच. उरली घरातली दोन माणसं.

४

दादाची बायको वरच्या मजल्यावर कूलरसमोर बसली होती. लहानखुरी, नीटनेटकी बाई. बेबी तिला वहिनी म्हणे आणि घाबरून असे.

“मला काही ऐकू आलं नाही,” वहिनी म्हणाली. “कूलरचा आवाज होता. आणि मी त्या बागेत पाऊल टाकत नाही. त्या औषधाच्या वासानं डोकं चढतं माझं.”

“सासऱ्यांशी कसं होतं तुमचं?”

“त्यांचं कुणाशी काय होतं, ते विचारा. झाडांशी होतं.” तिला एकदम हसू आलं. “गेल्या आठवड्यात पाहुणे आले होते. गुलाब बघून म्हणाले, छान वाढवलेत हो. सासरे यांच्याकडे बोट दाखवून म्हणाले, ‘गुलाब मी वाढवले. हा आपला वाढला.’ सगळे पोट धरून हसले. मीसुद्धा हसले. हसायला नको होतं का?”

“तुमचे मिस्टर हसले?”

“तेच सगळ्यात जास्त हसले.”

“काल सकाळी बैठकीतलं टेबल कुणी पुसलं?”

“मीच पुसते रोज.”

“त्यावर दम्याचा पंप होता?”

“नव्ह…” ती थांबली. जिन्याकडे पाहिलं. “असेल. मला आठवत नाही.”

“काल दुपारी मिस्टर कुठे होते?”

“त्यांच्या खोलीत. झोपले होते.”

ती खोली पलीकडच्या टोकाला होती. मी दार ढकललं आणि उजेड अंगावर आला. घरातले सगळे पडदे ओढलेले असताना या एकाच खिडकीचा पडदा सताड उघडा होता. पलंगावरची चादर ताठ, सुरकुती नाही. खुर्ची ओढून खिडकीपाशी नेलेली, फरशीवर तिच्या पायांचे ताजे ओरखडे. खिडकीच्या कट्ट्यावर भुईमुगाच्या शेंगांची टरफलं, चांगला ढीगभर.

मी त्या खुर्चीत बसून पाहिलं. गुलाबांची अख्खी रांग दिसत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. टोकाच्या दोन झाडांखाली अण्णा जिथे पडले होते, ती जागा तर अगदी समोर.

नोकरीत मी बरीच प्रेतं पाहिली. पण ती टरफलं उचलायला मी हवालदाराला वर बोलावलं.

५

सगळ्यांना मी बैठकीत बसवलं. बेबी दाराशी उभी राहिली, पिशवी अजून तिच्या हातातच होती.

“हा अण्णांचा दम्याचा पंप,” मी प्लास्टिकच्या पिशवीतला पंप दादासमोर धरला. “काल सकाळपासून या टेबलावर होता, बरोबर?”

“बरोबर. हिला सांगून थकलो मी.”

“वास घ्या.”

“कशाला?”

“घ्या तर.”

त्यानं नाक पुढे केलं नाही. मीच सांगितलं. “तेलाचा वास येतोय. झाडांच्या पानांवर जे तेल आहे, तेच याला लागलेलं आहे. खोलीच्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले. मग टेबलावरच्या पंपावर बागेतलं औषध आलं कुठून?”

“अण्णांच्या हाताला असेल. तेच औषध मारत होते ना.”

“म्हणजे अण्णांनी औषध मारलं, तेलकट हातानं आत आले, पंप टेबलावर ठेवला, आणि परत उन्हात जाऊन ‘पंप, पंप’ म्हणून ओरडले?”

वहिनीनं पदर तोंडाला लावला.

“औषध मारलं ते झाडांतलं काही न कळणाऱ्या माणसानं. सगळं वरून मारलंय. आणि तो माणूस अंगानं मोठा होता. पट्टा शेवटच्या भोकापर्यंत सोडावा लागला. अण्णा किती किलोचे होते, बेबी?”

“काडी होते,” बेबी पुटपुटली.

“दादासाहेब, उकडत नाही तुम्हाला? बाह्या वर करा.”

“मला असंच बरं वाटतं.”

“करा वर.”

हवालदार एक पाऊल पुढे आला. दादानं बटणं काढली. कोपरापर्यंत हात लालभडक झाले होते, पुरळ उठलं होतं, एका मनगटावर ओरखडे होते. मोजे न घालता, उघड्या हातांनी, उन्हात औषध मारलं की असं होतं. बेबीला हे लहानपणापासून पाठ होतं. त्याला कुणी शिकवलं नव्हतं, किंवा तो शिकला नव्हता.

“गुलाबाचे काटे लागले,” तो ओरखड्यांकडे बघत म्हणाला.

“काल तर तुम्ही झोपला होतात.”

तो खुर्चीत मागे टेकला. चेहऱ्यावर भीती नव्हती, कंटाळा होता. मला वाटतं तो मला कंटाळला नव्हता, लपवण्याला कंटाळला होता.

“झाडं जाळायची होती,” तो म्हणाला. “फक्त झाडं. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी. अण्णा जेवून पडतात, तेव्हा. मला ठाऊक होतं उन्हात मारलं की काय होतं. आयुष्यभर तेच ऐकलंय. टोकापर्यंत गेलो तोवर अण्णा उठून आले.”

“काय म्हणाले?”

“काही नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी पाठीवर पंप घेऊन समोर उभा, आणि ते झाडांकडे बघत होते. नुसते ओरडले, पंप, पंप. मी पिवळा काढून वाटेत टाकला आणि अवजारांच्या शेडमागे गेलो. बेबी आली, गेली. मग…” इथे प्रथमच त्याचा आवाज हलला. “मग ते निळा पंप घेऊन झाडं धुवायला लागले. धाप लागली होती, हवेत औषध होतं, खोकत होते, तरी दाबतायत. दोन झाडं धुतली. तिसऱ्यापर्यंत पोचले नाहीत. लहानपणी मला ताप आला की म्हणायचे, उतरेल. खोलीत यायचेसुद्धा नाहीत.”

“आणि दम्याचा पंप?”

“खाली बसले तेव्हा खिशातून काढला. मी जाऊन हातातून घेतला.”

“सहज दिला?”

त्यानं मनगटाकडे पाहिलं. “नाही.”

“मग?”

“मग वर गेलो. वाटलं, बघू या जरा.”

“कुठवर बघितलंत?”

“ऊन उतरेपर्यंत,” तो म्हणाला. “तेच म्हणायचे ना नेहमी? ऊन उतरेपर्यंत थांबायला शिक.”

मग मी विचारलं, कारण हे मला तपासासाठी नव्हे, माझ्यासाठीच हवं होतं. “डॉक्टरांचा दाखला मिळाला होता. तुम्ही मूग गिळून बसला असतात, तर आज घरात सुखानं जेवला असतात. या बाईच्या माथी कशाला मारलंत?”

त्यानं बहिणीकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं.

“कुणाला तरी वाटायला हवं होतं ना, आपल्यामुळे गेले असं,” तो म्हणाला. “मला तर वाटेना.”

६

त्याला नेलं. वहिनी वर जाऊन कूलरसमोर बसली, आणि कूलर पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला.

बेबी बागेच्या पायरीवर बसली होती. ऊन आता डोक्यावर आलं होतं. मी तिच्या शेजारी बसले. असं मी सहसा करत नाही.

“म्हणजे त्यांना निळाच पंप हवा होता,” ती म्हणाली.

“हो. तू गळ्यापर्यंत भरलास, सापडला तेव्हा अर्धा होता. मला तेव्हाच कळलं. ज्याला स्वतःचा पंप हवाय, तो झाडं धूत बसत नाही. दम्याचा त्यांच्या खिशातच होता.”

“मी बरोबर ऐकलं.”

“बरोबर ऐकलंस. बरोबर आणलास.”

तिनं हातातली पिशवी सोडली. सकाळपासून पहिल्यांदा सोडली. बोटांवर बंदांचे वळ उठले होते. ती रडेल असं मला वाटलं, आणि रडली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ती विचार करत होती.

“मग त्यांनी हात का हलवला? जा, जा, असा?”

याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. “हवेत औषध होतं. तुझ्या नाकाला फडकं नव्हतं. तुला लांब हो म्हणाले असतील. मरताना माणसाला आपल्या लेकीची काळजी वाटते.”

तिनं त्या हाताचं सांगितलं, तेव्हापासून मी हे जुळवत होते. आणि ते खरं असायलाही काही हरकत नव्हती.

बेबी टोकाच्या झाडाकडे बघत होती. त्याच्या दबलेल्या आळ्याकडे.

“नाही, मॅडम,” ती म्हणाली. “मी आळ्यात उभी होते. आळ्यात पाय पडला की ते असाच हात करायचे. मी इवलीशी होते तेव्हापासून.”

खोटं बोलण्यात माझा हातखंडा आहे, गुन्हेगारांशी तर रोज बोलते. पण हिला हात झटकून वाट दाखवणारा बाप हिनं जन्मभर पाहिला होता, मी एकदाही नाही.

भिंतीवरून कलमवाले काकांचं डोकं वर आलं. प्रदर्शनातून पहिला नंबर घेऊन परतले होते, शर्टाला रिबीन तशीच होती.

“वाईट झालं हो, बेबी,” ते म्हणाले. एवढं बोलून त्यांच्या अंगावरचं ओझं उतरलं. “बरं, मी काय म्हणत होतो, त्या दोन झाडांचे डोळे…”

“डोळे कशाला?” बेबी उठली. “झाडंच न्या. मुळासकट.”

काकांचं तोंड उघडं राहिलं. अण्णांच्या हयातीत त्यांनी त्या झाडांचं गळलेलं पान उचललं असतं तरी रक्तपात झाला असता. “खरंच? बरं, बरं. मी येतो संध्याकाळी फावडं घेऊन.”

“आत्ता न्या.”

“आत्ता? अगं, भर उन्हात मूळ हलवलं तर मरतील ती. ऊन उतरू दे.”

“आत्ताच,” बेबी म्हणाली. “नाहीतर मी उपटते.”

काका भिंतीवर हात टेकून हातवारे करू लागले, नको नको म्हणू लागले, मला मधे पडा म्हणून खुणावू लागले. हवालदारानं जागेचे फोटो काढून घेतले होते आणि ती झाडं आता कायद्याच्या कुठल्याच कामाची नव्हती. मी पायरीवरच बसून राहिले.

बेबी चप्पल न घालता खाली उतरली. या वेळी ती जपून चालत नव्हती. टोकाच्या झाडापाशी जाऊन तिनं दोन्ही पाय आळ्यात रोवले, आणि मोजे न घालता खोडाला हात घातला.